कायदा मागे राहिला, वही आली

स्वीडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने गावोगावच्या चर्चमधल्या जुन्या वह्या २०१८ साली संगणकावर सर्वांना फुकट खुल्या करून दिल्या. तेव्हापासून सौसरच्या घरात बसून मी त्यांची पानं कितीतरी रात्री उलटली आहेत. भाषा मला येत नाही, शब्दकोश शेजारी लागतो. अक्षरही मोडीसारखंच, डोळ्यांना वळण पडेपर्यंत काही बोलत नाही. पण पानाची आखणी एकदा कळली की पान उलगडत जातं. एका कुटुंबाला एक जागा. वर शेतवाडीचं नाव. खाली घरधनी, त्याची बायको, मुलं, म्हातारी आई, शेवटी सालगडी आणि मोलकरीण. प्रत्येकापुढे जन्माचं वर्ष, देवी निघाल्या की टोचल्या, कुठल्या गावाहून आला, कुठल्या गावाला गेला. आणि मध्ये अगदी अरुंद रकाने. त्यांत अक्षर नाही, नुसत्या बारीक रेघा आणि फुल्या: पुस्तक वाचता येतं का, लूथरची प्रश्नोत्तरी पाठ आहे का, तिचा अर्थ समजतो का.

एका सालगड्यापुढे वाचनाच्या रकान्यात एकच आडवी रेघ होती. ‘कुठे गेला’ या रकान्यात शेजारच्या गावाचं नाव होतं. त्या गावाची वही उघडली तर तो तिथे होता, आणि त्या एका रेघेच्या सोबतीला आणखी दोन रेघा आल्या होत्या. दोन मालकांच्या दारी राबता राबता तो वाचायला शिकत होता आणि कोणीतरी ते टिपून ठेवत होतं. आमच्या झेरघाटातल्या एखाद्या सालगड्याचं त्या काळचं नाव शोधायला गेलो तर सावकाराच्या खतावणीत सापडेल, तेही कर्जापुढे.

झेरघाट हा शब्द आता मागे पडत चालला आहे. जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचे दोन तुकडे मानत: सातपुड्यावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा, नागपूरच्या बाजूला उतरलेला तो झेरघाट. सौसर खालचं. पांढुर्णाही खालचंच, जाम नदीच्या काठी. इथे मराठी, संत्र्याचे बगीचे, पोळा आणि मारबत. वर गोंडी, हिंदी, सागाचं रान. मधून नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी रामाकोना, भिमालगोंदी, कुकडाखापा करत घाट चढायची, २०१५ सालापर्यंत. त्या गाडीने छिंदवाड्याला गेलेली आमच्या घरची मंडळी परत येऊन सांगायची की तिथे स्वीडिश लोकांनी उभं केलेलं चर्च आहे. स्वीडन कुठे आणि छिंदवाडा कुठे! मला हे कोडं पुष्कळ वर्षं पुरलं. ते सुटायला लागलं ते या वह्यांमुळे. वही ज्या कायद्यामुळे जन्मली तो कायदा आणि छिंदवाड्याची ख्रिस्ती मंडळी, या दोन टोकांमध्ये एक सलग वाट आहे.

ती वाट १५९३ साली उप्सालाला सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. त्याआधी १५२७ मध्ये गुस्ताव वासा राजाने व्हेस्टेरोसच्या सभेत चर्चच्या जमिनी आणि पैसा राजाच्या हाताखाली आणला होता. १५४१ मध्ये अख्खं बायबल स्वीडिशमध्ये छापून झालं होतं. १५७१ मध्ये आर्चबिशप लॉरेन्टियस पेट्रीने उपासना कशी करावी, बिशप कोणी व्हावं, शाळा कशा चालवाव्यात याची नियमावली दिली होती. पण देश नक्की कुठल्या पंथाचा, हे उप्सालाच्या सभेत ठरलं: आउग्सबुर्गचा कबुलीजबाब मानणारा, म्हणजे लूथरन. तिथून पुढे स्वीडिश असणं आणि लूथरन असणं एकच होऊन बसलं. १६१७ च्या कायद्याने कॅथलिक झालेल्या माणसाला देशाबाहेर काढायची सोय केली. १६०८ मध्ये तर मोशेच्या जुन्या करारातल्या शिक्षा देशाच्या कायद्याला जोडून छापल्या गेल्या होत्या.

मग आला १६८६ चा चर्च कायदा. राजा कार्ल अकरावा याच्या राजवटीतला. मला वाटतं, युरोपातल्या एखाद्या खेडुताच्या आयुष्यात इतक्या आतपर्यंत शिरलेले कायदे फार थोडे असतील. मूल जन्मलं की आठ दिवसांच्या आत बाप्तिस्मा. लग्न करायचं तर नवरा-नवरी दोघांना प्रश्नोत्तरी यायला हवी, नाही आली तर लग्न थांबलं. लग्नाआधी तीन रविवारी चर्चमध्ये दोघांची नावं पुकारायची, कोणाची हरकत असेल तर त्याने उभं राहावं. पाळकाने वर्षातून एकदा वाडीवाडीत जाऊन लहान-थोर, गडी-मोलकरीण सर्वांची परीक्षा घ्यायची आणि वहीत लिहायची. मुलांनी आणि गड्यांनी पुस्तकातलं देवाचं वचन स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, असा त्यामागचा हेतू कायद्यातच लिहिलेला आहे.

या घरपरीक्षेचं चित्र मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणतो. हिवाळा. एका मोठ्या शेतघराची ओसरी झाडून पुसून काढलेली, वाडीतली सगळी घरं तिथे गोळा झालेली. पाळक मेजापाशी, पुढ्यात वही. म्हातारे पुढे, मुलं मागे. एकेकाचं नाव घ्यायचं, त्याने पुढे येऊन पुस्तकातला उतारा वाचायचा, मग प्रश्न. अडला तर अख्खी वाडी ऐकते आहे. परीक्षा संपली की त्याच घरी जेवण. आणि पुढे पुढे हे जेवणच एवढं मोठं झालं की यजमानीण आठ दिवस आधीपासून रांधायला लागे. कायद्याला सणाचं रूप आलं. आपल्याकडे भागवत सप्ताहाची सांगता महाप्रसादाने होते, तसंच काहीसं. या परीक्षेतून एक फार मोठी गोष्ट घडली. शाळा सक्तीची करणारा स्वीडनचा कायदा १८४२ सालचा. त्याच्या आधीच, अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, बहुतेक स्वीडिश शेतकऱ्यांना आणि त्यांच्या बायकांना छापलेलं पुस्तक वाचता येत होतं. लिहिता मात्र पुष्कळांना येत नव्हतं, कारण कायद्याने लिहायला सांगितलेलं नव्हतं.

त्याच कायद्याची दुसरी बाजू दुखरी आहे, तीही सांगायला हवी. चर्चमध्ये शरमेचा पाट असे. लग्नावाचून मूल झालेल्या बाईला किंवा मोठा अपराध केलेल्या माणसाला मंडळीपुढे त्यावर बसवून कबुली द्यायला लावत. बाळंतीण साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा चर्चमध्ये यायची तेव्हा दाराशी गुडघे टेकायची, पाळक तिचा हात धरून तिला आत घ्यायचा. आपल्या सव्वा महिन्याची आठवण यावी इतकं हे जवळचं आहे. पण लग्न न झालेल्या आईसाठी हा विधी वेगळा, जागा वेगळी, शब्द वेगळे. या लाजेच्या धाकाने बायका जन्मलेली मुलं मारू लागल्या, तेव्हा १७७८ मध्ये राजा गुस्ताव तिसरा याने नाव न सांगता बाळंत होण्याची मुभा दिली. शरमेची शिक्षा कायद्यातून पुरती गेली ती १८५५ मध्ये. म्हणजे वही माणसाला ओळख देत होती आणि त्याच वहीत त्याच्या नावापुढचा डागही कायमचा राहत होता. दोन्ही एकाच शाईने.

वाचायला शिकवलेला माणूस वाचणार, आणि वाचलेलं शेजाऱ्याला सांगणार. हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लोक घरी जमून बायबल वाचू लागले, प्रार्थना करू लागले, पाळकाच्या मागे. त्यावर १७२६ मध्ये हुकूम निघाला: घरच्या माणसांनी घरात प्रार्थना करावी, पण पाळक नसताना बाहेरची माणसं जमवून धर्माचं वाचन करायचं नाही. पहिल्यांदा दंड, मग कैद, मग हद्दपारी. मराठी माणसाला हा हुकूम किती खोल लागला असता! आमच्या भागात आजही संध्याकाळी ग्रामगीता वाचायला, सामुदायिक प्रार्थनेला माणसं एखाद्याच्या अंगणात जमतात. त्या अंगणात शेजारी बसला म्हणून शिपाई आला असता, असं समजा. हा हुकूम स्वीडनमध्ये १८५८ पर्यंत, एकशेबत्तीस वर्षं टिकला.

जमणारे जमतच राहिले. लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘लेसारे’, म्हणजे वाचणारे. हेटाळणीने ठेवलेलं नाव त्यांनी अंगावर मिरवलं. काही अमेरिकेला निघून गेले. १८५० मध्ये एफ. ओ. निल्सन या बाप्टिस्ट उपदेशकाला कोर्टाने देशाबाहेर घालवलं. आणि १८५८ मध्ये कॅथलिक झालेल्या सहा बायकांनाही. युरोपभर त्यावर इतकी टीका झाली की कायदे भराभर सैल होऊ लागले. १८६० मध्ये आणि पुन्हा १८७३ मध्ये राज्याच्या चर्चमधून बाहेर पडायची वाट कायद्याने करून दिली. पण बाहेर पडणाऱ्याने दुसऱ्या एखाद्या मान्य ख्रिस्ती पंथात शिरलंच पाहिजे, नुसतं बाहेर राहायचं नाही.

या वाचणाऱ्यांमधून १८५६ साली स्टॉकहोममध्ये एक संस्था उभी राहिली. एवांगेलिस्का फोस्टरलांड्स-स्टिफ्टेल्सन, थोडक्यात ई.एफ.एस. आमच्या छिंदवाड्याची वाट हिच्या दारातून निघते. कार्ल ओलोफ रोसेनियस हा तिचा आत्मा. तो पाळक नव्हता, साधा उपदेशक. ‘पिएटिस्टेन’ नावाचं मासिक चालवायचा आणि ते मासिक शेतघरांतल्या त्या बेकायदा बैठकींत मोठ्याने वाचलं जायचं. संस्थेची कल्पना मात्र हान्स याकोब लुंडबोर्ग या तरुण पाळकाची. तो स्कॉटलंडला जाऊन आला होता. तिथे १८४३ मध्ये चारशेहून अधिक पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले होते आणि त्यांनी लोकांच्या वर्गणीवर फ्री चर्च उभं केलं होतं. सरकारी पैशावाचून धर्माचं काम चालतं, हे लुंडबोर्गने डोळ्यांनी पाहिलं. तरी ई.एफ.एस.ने राज्याचं चर्च सोडलं नाही. आतच राहून, बिशपांच्या हाताबाहेर, स्वतःच्या पैशाने काम करायचं ठरवलं. १८६२ मध्ये योहानेलुंडची शिक्षणसंस्था निघाली, १८६६ मध्ये पहिली माणसं आफ्रिकेत मसावा बंदराला उतरली, आणि १८७७ मध्ये संस्था मध्य प्रांतात आली. गोंडांसाठी.

इथे कथेला एक वळण आहे, आणि ते मला फार प्रिय आहे. ज्या स्कॉटिश फ्री चर्चवरून लुंडबोर्गला संस्था सुचली, ते चर्च आमच्या दारात आधीच येऊन बसलं होतं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आला. धर्माइतकाच दगडांचा आणि माणसांचा नाद असलेला माणूस. नागपूरच्या परिसरातले जीवाश्म त्याने गोळा केले, गोंडांच्या परधान भाटांकडून लिंगो या देवपुरुषाची गाणी लिहून घेतली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो नाल्याच्या पुरात बुडाला. त्याची कागदपत्रं इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. त्याच्या मागे फ्री चर्चने गोंडांसाठी छिंदवाड्याला ठाणं दिलं. तिथल्या जेम्स डॉसनने गोंडी शब्दांचा आणि वाक्यांचा संग्रह १८७० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नागपूरहून छिंदवाड्याला जायचं तर वाट आमच्या सौसरवरूनच. पुढे स्कॉटिशांनी ते ठाणं स्वीडिशांच्या हवाली केलं. स्टॉकहोमच्या लुंडबोर्गला जिथून उजेड मिळाला, त्याच घरची चूल सातपुड्यावर त्याच्या संस्थेच्या हाती आली.

सागर, नरसिंहपूर, बैतूल, छिंदवाडा, अमरवाडा. स्वीडिशांची मुख्य ठाणी अशी सातपुड्याच्या माथ्यावर, नर्मदेकडे आणि तिच्या पलीकडेही पसरली. कामाची भाषा हिंदी झाली. झेरघाटाची भाषा मराठी, आणि तिचं माहेर नागपूर. त्यामुळे सौसर-पांढुर्ण्याचा माणूस दोन मिशनांच्या बरोबर मधे राहिला: खाली स्कॉटिशांचं मराठी, वर स्वीडिशांचं हिंदी. १९७० मध्ये नागपुरातच उत्तर भारतातल्या अनेक पंथांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केलं, तेव्हा स्कॉटिशांचा वारसा त्यात मिसळून गेला. छिंदवाड्याचे लूथरन त्यात गेले नाहीत. घाट तसाच मधे राहिला.

आता मूळ गोष्टीकडे. १८७७ मध्ये आलेल्या या माणसांच्या पाठीशी काय होतं आणि काय नव्हतं? स्वीडनमध्ये त्यांच्या चर्चमागे राजा होता, कर होता, हुकूम होता. चर्चमध्ये शिस्त ठेवायला गावाने निवडलेली माणसं असत, डुलकी घेणाऱ्याला लांब काठीने ढोसून जागं करणाराही एक असे. इथे यातलं काहीच नाही. हिंदुस्थानात इंग्रज सरकार पगार देत असे ते इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या चर्चमधल्या काही पाळकांना, तेही मुख्यतः आपल्या फौजेसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी. लूथरनांना त्यात वाटा नव्हता. कोणाला उपासनेला आणायची सक्ती नाही, प्रश्नोत्तरी आली नाही म्हणून कोणाचं लग्न अडवायचा अधिकार नाही, आणि मुळात ही माणसं अशा सक्तीतून निसटलेल्यांचीच लेकरं. चर्च कायदा बोटीत चढलाच नाही. आलं ते एवढंच: लूथरची छोटी प्रश्नोत्तरी, गीतं, बाप्तिस्मा आणि दृढीकरण, तीन रविवारी नावं पुकारायची रीत, आणि वही.

वहीला इथे एक नवा कायदा भेटला. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा. लग्न लावायला पाळकाकडे परवाना हवा, आधी नोटीस हवी, दोन विश्वासू साक्षीदार हवेत, आणि लग्न लागायचं ते सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच. गोरज मुहूर्ताची सवय असलेल्या आमच्या मुलखात ही सातची मर्यादा ऐकून लोक चकित झाले असतील. नोंद ठरल्या नमुन्यात करायची आणि तिची नक्कल सरकारकडे पाठवायची. म्हणजे स्वीडनचा राजा मागे राहिला तरी वहीची गरज संपली नाही, उलट तिला इथल्या सरकारचा आधार मिळाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पोळून निघाला. अनाथ मुलांचे लोंढे मिशनांच्या दारी आले. ज्याचं गाव उजाड झालं, माय-बाप गेले, त्या पोराचं नाव, अंदाजाने लिहिलेलं वय आणि आल्याची तारीख कुठे राहिली असेल तर अशाच एखाद्या वहीत. धर्मांतराबद्दल कोणाचं काहीही मत असो, त्या एका ओळीची किंमत मला कमी वाटत नाही.

रीत कशी टिकते, हे पांढुर्ण्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधे दगड. गोटमार. सावरगावची मुलगी आणि पांढुर्ण्याचा मुलगा, त्यांची नदीतली ताटातूट, चंडीमातेचा नवस, सगळं तोंडातोंडी. कुठल्या वहीत तिचा नियम लिहिलेला नाही. वर्षानुवर्षं माणसं जखमी होतात, काही जिवानिशी गेली आहेत. प्रशासनाने बंदीचे हुकूम काढले, फौजफाटा आणला, एका वर्षी दगडांऐवजी रबरी चेंडूही आणून ठेवले. लोकांनी दगडच उचलले. त्या काठावर पाण्यात उतरलेली ओळखीची पोरं मी पाहिली आहेत, आणि दरवर्षी त्या दिवशी माझ्या पोटात गोळा येतो. हुकूम निघाला की रीत मोडते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिथे उभं राहावं. स्वीडनमध्ये घरपरीक्षेची सक्ती गेली तरी कित्येक गावांत ते जेवण मात्र चालू राहिलं. कायदा रीत निर्माण करू शकतो. ती एकदा लोकांची झाली की मग ती कायद्याचं ऐकत नाही, बऱ्यात किंवा वाइटात.

मिशन टिकलं त्यालाही एक कारण होतं: स्वीडन दोन्ही महायुद्धांत तटस्थ होता. इंग्रजांनी जर्मन मिशनऱ्यांना नजरकैदेत टाकलं, परत पाठवलं. स्वीडिश राहू शकले, आणि दक्षिणेतल्या जर्मनांच्या पोरक्या मंडळ्याही त्यांनी सांभाळल्या. १९४७ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात जगभरच्या लूथरन चर्चचा महासंघ स्थापन झाला. मध्य प्रदेशातलं इव्हँजेलिकल लूथरन चर्च, मुख्यालय छिंदवाडा, १९५० मध्ये त्याचं सभासद झालं. मिशन संपून चर्च झालं होतं. कारभार इथल्या माणसांच्या हाती आला, आणि पुढे बिशपही इथलेच.

१९५० च्या २६ जानेवारीला भारताची राज्यघटना लागू झाली. तिच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिला. स्वीडनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्यानंतरचा. तो १ जानेवारी १९५२ ला अमलात आला, आणि तेव्हाच स्वीडिश माणसाला कुठल्याही दुसऱ्या पंथात न शिरता राज्याचं चर्च सोडायची मोकळीक मिळाली. म्हणजे सौसरच्या शेतकऱ्याला हे स्वातंत्र्य स्टॉकहोमच्या नागरिकाच्या जवळजवळ दोन वर्षं आधी मिळालं. मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा तारखा दोनदा तपासल्या.

मात्र आमच्याकडे पुढची पावलं वेगळ्या दिशेला पडली. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि सौसर-पांढुर्णा त्याच राज्यात. १९५४ मध्ये नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला, तो मिशनऱ्यांबद्दल अतिशय कडक होता. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, असं समितीने सुचवलं. त्याच वर्षी राज्यांची फेररचना होऊन नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मराठी बोलणारे झेरघाटचे लोक घाटाबरोबर मध्य प्रदेशातच राहिलो. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्म स्वातंत्र्य अधिनियम केला: बळजबरी, आमिष किंवा फसवणूक करून धर्मांतर केलं तर शिक्षा, आणि विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात तो वैध ठरवला. २०२१ च्या नव्या कायद्यात धर्मांतरापूर्वी साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायची अट आली. स्वीडनमधला एकोणिसाव्या शतकातला माणूसही पंथ सोडताना आधी पाळकाकडे जाऊन नाव काढून घेई. माणसाच्या मनातली गोष्ट सरकारच्या टेबलावर आधी जाते, हे मला तिथलंही पटत नाही आणि इथलंही. जोरजबरी आणि फसवणूक मोडून काढावी, त्याबद्दल वाद नाही.

या काळात मंडळीचं काम हळूहळू शाळांकडे आणि दवाखान्यांकडे वळत गेलं. बैतूल-इटारसी रस्त्यावरचं पाढरचं रुग्णालय याच चर्चचं, १९५८ पासूनचं. डॉ. क्लेमेंट मॉस यांनी ते उभं केलं. जंगलातल्या दवाखान्यापासून सुरुवात होऊन २०१२ मध्ये तिथे स्तुती आणि आराधना या जुळलेल्या मुलींवर विलग करण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्या लहानशा गावाचं नाव देशभर गेलं.

दरम्यान स्वीडनमध्ये वही चर्चच्या हातून निघाली. १७४९ पासून तिथल्या पाळकांनी जन्म, मृत्यू, लोकसंख्या यांचे आकडे न खंडता सरकारला पुरवले होते. इतकी सलग लोकगणना जगात क्वचितच असेल. १ जुलै १९९१ ला ही नोंदणी कर खात्याकडे गेली. १९९६ पासून मूल जन्मतःच चर्चचं सभासद व्हायचं बंद झालं, बाप्तिस्मा झाला तरच नाव. आणि १ जानेवारी २००० ला चर्च आणि राज्य वेगळी झाली. उप्सालाच्या सभेनंतर चारशे सात वर्षांनी स्वीडनचं चर्च आपल्या पायांवर उभं राहिलं. तिथे यावर मोठी चर्चा झाली: राज्याशिवाय चर्च कसं चालणार, सभासद टिकतील का, जुन्या दगडी चर्चची दुरुस्ती कोण करणार. छिंदवाड्याच्या मंडळीने हा प्रश्न पहिल्यापासून रोजच सोडवला होता, वर्गणी गोळा करून, भिंती स्वतः लिंपून.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सौसर आणि पांढुर्णा छिंदवाड्यापासून तोडून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. जमिनीची, जन्म-मृत्यूची, गुन्ह्यांची कागदपत्रं घाटावरून खाली यायला लागली. मंडळीच्या वह्या मात्र वरच आहेत. लग्न ठरलं की तिथे तीन रविवार उपासनेच्या शेवटी पाळक दोन नावं मोठ्याने वाचतो, हिंदीत, गावासकट, आणि विचारतो की कोणाची काही हरकत आहे का. बाकांवर कोणी उभं राहत नाही. मग तो पान उलटतो आणि पुढच्या गीताचा क्रमांक सांगतो.